विषय: इमारतीचे सामाईक अर्थिंग तुटलेले असल्याबाबत व ते पावसाळ्यापूर्वी नव्याने करून घेण्याबाबत

दि. १७ फेब्रुवारी

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
कोथरूड, पुणे

सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी सकाळी लादी पुसून झाल्यावर माझ्या सासूबाईंनी ओल्या पायांनी फ्रिजचे दार धरले आणि त्यांचा हात झटक्याने मागे आला. त्यांचे वय ७६ आहे आणि त्या सहसा कसलीच तक्रार करत नाहीत. त्या दिवशी मात्र कोपरापर्यंत मुंग्या आल्याचे त्यांनी दोनदा सांगितले. फ्रिजमध्ये बिघाड असेल असे समजून मी परवानाधारक वायरमनना बोलावले. त्यांनी जे दाखवले त्याचा संबंध आपल्या सोळाही सदनिकांशी आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

त्यांनी आधी आमचा मेन स्विच बंद केला. घरात वीज नव्हती, तरीही मेनच्या आधीचे न्यूट्रल आणि फ्रिजच्या सॉकेटमधले अर्थिंगचे मोठे भोक यांच्यामध्ये मीटर धरल्यावर त्यावर ११० व्होल्ट आले. आम्ही दोघे तो आकडा बघत उभे होतो. वीसएक मिनिटांनी तो आपोआप शून्याजवळ उतरला. कुठल्यातरी घरातला गीझर तेवढ्यात बंद झाला असावा आणि त्याच्या कॉइलमधून गळणारी वीज सामाईक अर्थिंगच्या तारेवरून आमच्याकडे येत असावी, असे त्यांनी सांगितले. तो गीझर कोणाचा, याची चौकशी मी केलेली नाही. कॉइल कोणाच्याही घरी खराब होते. अर्थिंग शाबूत असते तर ती गळती जमिनीत गेली असती आणि माझ्या फ्रिजच्या पत्र्यापर्यंत पोहोचलीच नसती.

ती जमिनीत का जात नाही, हे मीटर रूममध्ये गेल्यावर कळले. आपली इमारत १९८६ ची. त्या काळी अनेक इमारतींत जमिनीतून येणाऱ्या लोखंडी नळालाच अर्थिंगची तार बांधत असत आणि आपल्याकडेही तसेच केलेले आहे. २०१६ साली आपण गंजलेले नळ काढून सगळीकडे प्लॅस्टिकचे पाइप टाकले, तेव्हा हा जुना पाइप जमिनीपासून हातभर वर कापला गेला. वरचा तुकडा भिंतीवर तसाच राहिला आहे. त्याच्या क्लॅम्पला तांब्याची तार आजही नीट गुंडाळलेली आहे, नटही घट्ट आहे, पण त्या तुकड्याखाली फक्त हवा आहे. म्हणजे गेली कित्येक वर्षे आपल्या सोळा घरांतली अर्थिंगची तार एकमेकांना जोडलेली आहे आणि जमिनीला मात्र जोडलेली नाही. नळ बदलताना हे कोणाच्याच लक्षात आले नाही, माझ्याही नाही, आणि यात मी कोणाला दोष देत नाही.

जिन्यात याविषयी बोलणे झाले तेव्हा काही सभासदांनी सुचवले की ज्याला काळजी आहे त्याने आपल्या घरात ईएलसीबी, म्हणजे हल्लीचा आरसीसीबी, बसवून घ्यावा. मी तो दुसऱ्याच दिवशी बसवला आहे आणि प्रत्येकाने बसवावा असे माझेही मत आहे. परंतु त्याने हा प्रश्न सुटत नाही, हे समितीने कृपया लक्षात घ्यावे. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहतो, आणि त्यांतली तफावत ३० मिलिअँपियरपर्यंत गेली की पुरवठा तोडतो. वीज दुसऱ्या घरातून निघून सामाईक हिरव्या तारेने माझ्या फ्रिजवर येत असेल, तर तो प्रवाह माझ्या आरसीसीबीतून जातच नाही, आणि मी हजार रुपयांचे उपकरण लावले काय किंवा दहा हजारांचे, ते गप्पच राहणार. गळती ज्या घरात आहे तिथला आरसीसीबी तेवढा ती ओळखू शकतो, आणि तोही जमिनीशी जोड नसल्यामुळे, कोणाच्या तरी अंगातून प्रवाह वाहू लागल्यावरच. म्हणून उपकरण सोळाही घरांत हवे आणि त्याच्या जोडीला अर्थिंगही हवे.

पाण्याच्या पंपासाठी मागच्या बाजूला एक जुना अर्थिंगचा खड्डा आहे, त्याचीही मोजणी करून घेतली. पेव्हर ब्लॉक घालताना त्याचे पाणी ओतायचे तोंड बुजले आहे आणि पंपापर्यंत येणारी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, पट्टी हाताने वाकवताच पापुद्रे सुटतात. जमिनीत जाणाऱ्या विजेला तिथे होणारा रोध ४२ ओहम भरला; तो जितका कमी तितके चांगले. पंपाच्या बॉडीवर फेज आला तर २३० भागिले ४२, म्हणजे जेमतेम साडेपाच अँपियर प्रवाह जमिनीत जाईल. पंपाचा फ्यूज १६ अँपियरचा आहे. तो उडणार नाही आणि पंपाची बॉडी तशीच जिवंत राहील. आपले वॉचमन रोज पहाटे त्याच ओल्या जागेत, बहुतेक वेळा अनवाणी, पंप सुरू करतात. शिवाय आपल्याकडची जमीन मुरमाची आहे आणि खाली काळा कातळ. एप्रिल-मेमध्ये ती सुकली की हा आकडा आणखी वाढेल.

माझी पहिली विनंती तातडीची आहे. येत्या आठवड्यात परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून प्रत्येक घराची ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने, तपासणी व्हावी आणि ज्या उपकरणाचे किंवा वायरिंगचे इन्सुलेशन १ मेगाओहमच्या खाली असेल ते दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवले जावे. त्याच वेळी सॉकेटही उघडून पाहावेत, कारण दोन तारांच्या जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग यांना आतल्या आत तुकडा जोडून देण्याची पद्धत सर्रास आढळते. असे असेल आणि न्यूट्रल कुठे सैल झाले, तर उपकरणाच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. तोवर कोणीही मीटर रूममधली तार स्वतः कापू किंवा जोडू नये, अशी सूचना फलकावर लावावी.

मुख्य काम म्हणजे अर्थिंगचे दोन नवे खड्डे, इमारतीच्या पायापासून किमान दीड मीटर दूर, एकमेकांना जोडलेले, आणि त्यांच्यापासून मीटर रूमपर्यंत व तिथून प्रत्येक घराच्या मेन स्विचपर्यंत नवी हिरवी तार. मीठ-कोळशाचा पारंपरिक खड्डाही चालतो, मात्र मिठाने त्यातला पाइप लवकर गंजतो आणि त्यात नेमाने पाणी घालावे लागते, जे आपल्याकडून झालेले नाही. त्यामुळे बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती, भरलेला खड्डा घ्यावा असे मी सुचवीन. मोजणी दर वर्षी उन्हाळ्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना करावी व आकडा नोंदवहीत लिहावा.

खर्चाबाबत एक मुद्दा. आदर्श उपविधींनुसार सदनिकेतील मेन स्विचपर्यंतची विजेची लाइन ही संस्थेने दुरुस्त करायची बाब आहे, तेव्हा हे काम दुरुस्ती निधीतून व्हावे आणि आरसीसीबीचा खर्च ज्याचा त्याने करावा. दोन-तीन दरपत्रके मागवून मार्चअखेर विशेष सर्वसाधारण सभा घेतल्यास पावसाळ्यापूर्वी काम सहज उरकेल. वायरमननी लिहून दिलेली मोजणी आणि कापलेल्या पाइपचे फोटो सोबत जोडले आहेत. समितीला प्रत्यक्ष पाहायचे असल्यास ते कोणत्याही संध्याकाळी पुन्हा यायला तयार आहेत.

खड्ड्यासाठी त्यांनी सुचवलेल्या दोन जागांपैकी एक कुंपणाच्या भिंतीलगत, माझ्या स्कूटरच्या पार्किंगमध्ये येते. ती जागा मी उद्यापासून मोकळी करत आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
सभासद, सदनिका क्र. ११