साहेब, फ्लेक्सवरचा तो मुलगा माझा आहे

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

खात्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. गेल्या वर्षी आपण आमच्या दुःखात सहभागी व्हायला आलात तेव्हा आपल्याकडे एक खातं होतं, आता दुसरं आहे. तेव्हा दिलेल्या आश्वासनांबद्दलचा माझा अर्ज मात्र या काळात चार खात्यांचं दर्शन घेऊन आला. तेव्हा हे पत्र ज्या टेबलावर पडेल ते टेबल आपलंच समजावं, ही विनंती.

लिहायला निमित्तं दोन. मंगळवारी सूनबाईने महामार्गावरच्या एका फ्लेक्सचा फोटो पाठवला. उजवीकडे हात जोडून आपण, डावीकडे कातळाला बिलगलेला लाल हेल्मेटमधला एक तरुण, मधे 'साहसी महाराष्ट्र, समर्थ महाराष्ट्र' आणि खाली आपल्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्यांचे चेहरेच चेहरे. तो तरुण माझा मुलगा. तैलबैल्याच्या भिंतीवर त्याच्या मित्राने काढलेला फोटो आहे तो. शोकसभेत आम्ही लावला होता, तिथूनच कुणीतरी उचलला असणार. आम्हाला कुणी विचारलं नाही. त्याला जाऊन वर्ष उलटलंय हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत नसेल, पण आपल्याला होतं. त्याच फोटोला आपण हार घातला होता.

दुसरं निमित्त त्याच दिवशीच्या टपालाने आलं. 'आपला अर्ज उचित कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' संबंधित विभाग कोणता, ते लिहिलेलं नाही. मी जिल्हा परिषदेत हिशेबाच्या टेबलावर नोकरी करून निवृत्त झालो. असं पत्र किती वेळात टाइप होतं आणि ते टाइप करणाऱ्याने मूळ अर्ज वाचलेला असतो की नाही, हे मला नव्याने कळायचं नाही. म्हणूनच राग जास्त येतो.

शोकसभेत तुम्ही काय बोललात ते सभागृहभर लोकांनी ऐकलंय. ज्या सुळक्यावर त्याला अपघात झाला त्याच्या पायथ्याच्या गावात बचाव साहित्याचं केंद्र, माझ्या मुलाच्या नावाने. गावापर्यंत पक्का रस्ता. बचावाला धावणाऱ्या पोरांचा विमा सरकारी खर्चाने. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजत नाहीत, पण वाजल्या, इतकं छान बोललात. सुळक्याचं नाव मी इथे लिहीत नाही. छापून आलं की परवा तिथे बंदीचा आदेश लागेल, आणि या सगळ्या प्रकरणात तेवढी एकच कार्यवाही वेळेत होईल.

आता ज्याचा फोटो लावलात तो कोण होता ते ऐका.

हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. परदेशातल्या बँकांचे पैसे इकडून तिकडे पाठवणारी यंत्रणा सांभाळणाऱ्या टीममध्ये. पगार माझ्या शेवटच्या पगाराच्या कितीतरी पट आणि कपाटात धड शर्ट चार. बाकी सगळं दोर, हार्नेस म्हणजे कमरेचे पट्टे आणि कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायच्या कड्या यांत. गॅलरीत सुनेच्या साड्यांशेजारी लांबच लांब दोर वाळत असायचा. शुक्रवारी रात्री लॅपटॉप आणि दोर एकाच सॅकमध्ये कोंबून निघायचा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही कोर्स केलेले, तरी वानरलिंगीच्या सुळक्यावर जायच्या आदल्या रात्री डायनिंग टेबलाच्या पायांना दोर बांधून गाठी पुन्हा पुन्हा तपासायचा. मी हसलो की म्हणायचा, "अण्णा, कातळात ठोकलेल्या एका बोल्टवर जीव टांगायचा नसतो. दोन हवेत, आणि एक निघाला तर दुसऱ्याने झटका न बसता भार घेतला पाहिजे."

सह्याद्रीतल्या जुन्या बोल्टची त्याने यादीच केली होती. कुठल्या सुळक्यावर, कितव्या टप्प्यात, कुठली मेख, गंज किती, शेवटचं कुणी तपासलं. चार महिने पाऊस खाल्लेल्या लोखंडाचं काय होतं ते तुमच्या पुलांच्या ठेकेदारांपेक्षा त्याला जास्त कळत होतं. रजा टाकून, पदरचे पैसे घालून तो गंजके बोल्ट बदलायला जायचा. याला व्रत म्हणायचं की वेड, यावर आम्हा नवरा-बायकोत वाद होता. अजून मिटलेला नाही.

फ्लेक्सवर मावणार नाही असंही एक काम त्याने केलं होतं, आणि ते तुमच्याच सरकारदरबारी पडून आहे. त्याच्या कंपनीत रात्री दोनला कुठल्या तरी देशात पैसे अडकले की फोन कुणाला जाणार हे आधीच ठरलेलं असायचं. त्याने पाच मिनिटांत उचलला नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. "अडकलेल्या पैशाला एवढी सोय आहे अण्णा, अडकलेल्या माणसाला नाही." महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, पण ती गिर्यारोहकांनीच उभी केलेली. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स, ही सगळी कामधंदा टाकून धावणारी माणसं. ती पोहोचतात. त्यापुढे सरकारचं जे सुरू होतं, म्हणजे रुग्णवाहिका कुठवर येईल, वनखात्याचं गेट कोण उघडेल, रक्त कुठे आहे, सर्जन आज जागेवर आहे का, त्याचा पत्ता कुणालाच नसतो. त्याने तालुकावार अशी सगळी साखळी लिहून काढली, सॉफ्टवेअरही स्वतःच बनवलं आणि फुकट देतो म्हणून अर्ज केला. उत्तर आलं, तीन कंपन्यांची दरपत्रकं जोडा. फुकटची दरपत्रकं! त्या संध्याकाळी तो इतका हसला होता की त्याच्या आईला वाटलं बढती मिळाली.

मग तो दिवस. वर कुणी नव्हतं, कुणाची चूक नव्हती. आपल्या डोंगरात लाव्हाच्या थरावर थर आहेत, मधला थर भुसभुशीत झाला की वरचे दगड सैल होतात. असाच एक आपसूक सुटला. हेल्मेट शाबूत राहिलं, कमरेचं हाड मोडलं. सोबत्यांनी त्याला दोराने पायथ्याला उतरवला तेव्हा दुपार व्हायची होती. तो शुद्धीत होता, बोलत होता. खाली घसारा, मग जंगल, मग गाव. स्ट्रेचर नव्हतं. गावातल्या माणसांनी बांबू आणि घोंगड्यांची झोळी केली. याच झोळीतून तिथल्या बाळंतिणी खाली जातात, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. रुग्णवाहिका आली होती, पण रस्ता जिथे संपतो तिथे उभी. पहिल्या दवाखान्यात रक्त नाही, दुसऱ्यात सर्जन रजेवर, पुण्याला हलवा म्हणाले. वाटेत गेला. रक्तस्राव आत होत होता, तो कुणाला दिसत नव्हता. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, चार तास आधी आला असता तर. हे वाक्य बापाला सांगू नये एवढं तरी कॉलेजात शिकवत जा म्हणावं.

त्यानंतरचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पंचनाम्यात पहिला प्रश्न, दारू घेतली होती का. दुसरा, रील बनवत होता का. टीव्हीवर 'अतिउत्साही पर्यटकाचा मृत्यू'. ज्याने आयुष्यात गडावर प्लास्टिकची पिशवी टाकली नाही तो पर्यटक, तोही अतिउत्साही. शवविच्छेदनाला डॉक्टर सकाळी येणार म्हणून रात्रभर मी एका व्हरांड्यात बसलो. बाकड्याचा एक पाय तुटका होता. विमा कंपनीने कळवलं, धोकादायक खेळ पॉलिसीत बसत नाहीत. फ्लॅटचा हप्ता सून भरते आहे. तिची नोकरीही त्याच धंद्यातली, कधी जाईल सांगता येत नाही. बायको संध्याकाळी पाच वाजले की देवाजवळ न बसता दाराजवळ बसते. मला झोपेची गोळी चालू आहे आणि तीही महाग झाली. हे सगळं तुमच्या खात्यात येत नाही हे मान्य. पण कुणाच्या खात्यात येतं?

तुमचे कागद मी सगळे वाचले. वेळच वेळ आहे. साहसी उपक्रमांवर २०१४ ला शासन निर्णय, २०१८ ला पुन्हा, २०२१ ला साहसी पर्यटनाचं धोरण. सगळा जोर आयोजकाने नोंदणी कशी करायची आणि कागद कुठले जोडायचे यावर. पडलेल्याला उचलायचं कुणी, तर ज्याचं त्याने बघावं. अरुण सावंतांसारखा मुरलेला गिर्यारोहक जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मरण पावला, त्यांना शोधायलाही गिर्यारोहकच उतरले. ते मेले आणि माझा मुलगा मेला म्हणून डोंगर बंद करा असं मी म्हणत नाही. बंद तुम्ही करताच. पावसाळा आला की आदेश, चार दिवस पोलीस, मग शुकशुकाट.

आणि संकट तुमचं असतं तेव्हा हेच अतिउत्साही लागतात. २०१८ च्या जुलैत आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. दोर लावून खाली उतरले ते ट्रेकर्स. इर्शाळवाडी घ्या. १९ जुलै २०२३ ची रात्र, वाडीवर दरड कोसळलेली, वर रस्ता नाही, यंत्रं चढेनात. माझा मुलगा त्या पावसात तिथे होता. कुदळ-फावड्याने माती उपसत होते लोक. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. सोमवारी तो कामावर गेला आणि मॅनेजरने विचारलं, वीकेंड कसा झाला.

आता हिशेब. १०८ ची सेवा २०१४ ला सुरू झाली तेव्हा रुग्णवाहिका ९३७. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरली तरी सव्वाअकरा कोटी. म्हणजे एका गाडीमागे १ लाख २० हजार माणसं. गाड्या वाढल्या म्हणाल, तर माणसंही वाढली. त्यातली डोंगरातल्या वाड्यांच्या वाट्याला येते ती रस्ता संपतो तिथवर. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले गेले, त्यातले ११ आपले. पेढे वाटलेत, फेटे बांधलेत. महाराज ज्या मावळ्यांच्या खांद्यावरून हे गड चढले त्यांची नातवंडं अजून झोळीतून उतरतात आणि तुम्ही वर रोषणाई लावता. निवडणुकीत मतपेट्या बरोबर पोहोचतात त्या वाडीत, हे मी स्वतः नोकरीत असताना पाहिलंय. तिथवर जीप जाते, खेचर जातं, शिपाई पाठीवर यंत्र नेतो. स्ट्रेचर मात्र जात नाही.

तर विनंत्या. त्याचं सॉफ्टवेअर सूनबाईकडे पेनड्राइव्हवर आहे, ते घ्या; दरपत्रक मागू नका. गावात एक स्ट्रेचर ठेवा. बचावाला धावणाऱ्या मुलांचा विमा काढा. माझ्या मुलाचं नाव कशालाही देऊ नका.

पुढच्या महिन्यात त्याचे मित्र त्या सुळक्यावरचे उरलेले जुने बोल्ट बदलणार आहेत. तुमच्या कार्यालयातून परवा फोन आला होता की साहेब येऊ शकतील, मंडप किती फुटांचा आहे. मंडप नाही. तुम्ही येऊ नका, साहेब. तुमचा ताफा गावापर्यंत पोहोचणार नाही, आणि तुम्हाला झोळीतून न्यायला त्या माणसांना वेळ नाही.

आपला,
एका गिर्यारोहकाचा बाप