जड वजनाला हात घालण्याआधी

पुणे, १४ जून

प्रिय वैशाली,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तू जिममध्ये नाव घातलेस हे वाचून मनापासून आनंद झाला, आणि तिथल्या ट्रेनरने तुझ्या हाती दोन-दोन किलोचे डंबेल देऊन तुला ट्रेडमिलवर धाडले हे वाचून तितकेच वाईट वाटले. बायकांनी वजन कमी करायला जिममध्ये यावे, वजन उचलायला नव्हे, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. घरी भरलेला गॅस सिलिंडर मात्र आपणच हलवतो. त्यात गॅसच १४.२ किलो आणि टाकीसकट भार तिसाच्या आसपास. जी बाई एवढे वजन कंबरेत वाकून, कसेही उचलते, तिला तेच वजन पाठ सांभाळून उचलायला कोणी शिकवू नये, हे मला पटत नाही.

शरीर पुरुषी होईल का, असे तू विचारले आहेस. आपल्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारे संप्रेरक पुरुषांच्या मानाने फारच थोडे असते, त्यामुळे ताकद चांगली वाढली तरी स्नायूंचा आकार त्या प्रमाणात फुगत नाही. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ मध्ये ग्रीसमध्ये वेटलिफ्टिंगच्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले, ते ४५ किलो वजनी गटात. स्नॅचमध्ये, म्हणजे एका झटक्यात, ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यापर्यंत घेऊन, ८३ किलो तिने डोक्यावर नेले. तिचे फोटो एकदा पाहा, म्हणजे ही शंका माझ्या समजावण्यावाचूनच मिटेल.

आता प्रत्यक्ष कामाचे. सुरुवात रिकाम्या बारने, म्हणजे वजने न लावलेल्या लोखंडी दांड्याने कर, पण आधी तो बार किती किलोचा आहे हे विचारून घे. स्पर्धेत पुरुषांचा बार २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाडीचा, तर बायकांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटरचा असतो. हा तीन मिलिमीटरचा फरक लहान हातांना चांगलाच जाणवतो. साध्या जिममध्ये बार कसलाही असू शकतो, म्हणून तो सरळ वजनकाट्यावर ठेवून पाहिलेला बरा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती, आणि व्यायाम मोजकेच: स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन बसणे-उठणे), डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून उभे राहणे), बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून बार छातीवरून वर ढकलणे), उभ्याने खांद्यावरून वर ढकलणे आणि बार पोटाकडे ओढणे. न थांबता पाच वेळा केले की एक सेट, असे तीन सेट पुरेत. डेडलिफ्टचा एकच जड सेटही पुरतो. दोन सेटच्या मधे दोन-तीन मिनिटे खुशाल बसून राहा, कोणी काही म्हणाले तरी.

डेडलिफ्टबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बायकांना तो सगळ्यात लवकर जमतो आणि बिघडतोही लवकर. बार पावलाच्या मधोमध, नडगीपासून दोन बोटांवर असावा. आधी ढुंगण मागे नेऊन वाक, बार पकड, मग नडगी बारला टेकेपर्यंत गुडघे वाकव आणि छाती पुढे काढ. आता पोटभर श्वास घे, तो कोंडून पोट कडक कर आणि हातांनी ओढण्याऐवजी पायांनी जमीन ढकल. बार वर येताना नडगीला आणि मांडीला घासतच आला पाहिजे. तो पुढे गेला की सगळा भार कंबरेवर येतो. मोठ्या प्लेट, म्हणजे बारला लावायच्या वजनाच्या चकत्या, नसल्या तर बार फार खाली राहतो, तेव्हा तो ठोकळ्यांवर किंवा रॅकच्या, म्हणजे बार ठेवायच्या चौकटीच्या, पिनांवर ठेवून घे. पळायचे मऊ बूटही नकोत. जड वजनाखाली ते दबतात आणि तोल जातो. सपाट तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट उत्तम.

वजन प्रत्येक वेळी थोडे वाढव आणि वहीत लिहून ठेव. इथे ट्रेनर बहुधा एक गोष्ट विसरतात. साठ किलोच्या स्क्वॉटवर अडीच किलो वाढवणे म्हणजे चोविसावा हिस्सा, पण वीस किलो डोक्यावर ढकलणारीसाठी तेच अडीच किलो म्हणजे आठवा हिस्सा. तिचे हात तिथे अडले की तिला वाटते, आपल्यात ताकदच नाही. अडचण असते ती त्याहून लहान प्लेट हाताशी नसल्याची. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन प्लेट स्वतःच्या विकत घे आणि पिशवीत ठेव. बेंच प्रेसला मदतीला कोणी नसेल तर प्लेटना क्लिप लावू नकोस, म्हणजे बार अडकला तर एका बाजूला कलवून वजन उतरवता येते.

सासूबाई म्हणतात की जड उचलल्याने अंग खाली येते, म्हणजे गर्भाशय खाली सरकते. ही भीती मी उडवून लावणार नाही. बाळंतपण, वाढते वय, जुना खोकला आणि बद्धकोष्ठता ही त्याची नेहमीची कारणे आहेत, आणि तुझी दोन बाळंतपणे झाली आहेत. उचलताना लघवीचा थेंब गळला किंवा खाली जडपणा वाटला, तर लाजून गप्प बसू नकोस. वजन कमी कर आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टही असतात. रक्तदाब असेल तर श्वास कोंडण्याआधी डॉक्टरांना विचार.

हिमोग्लोबिनही याच आठवड्यात तपासून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. रक्तक्षयाचा थकवा अंगात असताना कोणताही व्यायाम फळत नाही. प्रोटीन शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास मिळावे, म्हणजे तुला रोज नव्वद ग्रॅम. वरण-भातावर ते भागणार नाही. मटकीची उसळ, दही, पनीर, सोयाबीन आणि तुला चालत असतील तर अंडी, असे प्रत्येक जेवणात काहीतरी असू दे, आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाण्याची सवय आता सोड. खाणे कमी पडून पाळी थांबली, तर तो धोक्याचा इशारा समज.

आपण दोघीही चाळिशी ओलांडली आहे. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. भार पडला की मात्र हाड त्याला उत्तर म्हणून स्वतःला भक्कम करते, आणि दोन किलोच्या डंबेलने तेवढा भार पडत नाही. म्हणूनच मी एवढे आग्रहाने लिहिते आहे.

पुढच्या आठवड्यात डेडलिफ्टचा व्हिडिओ बाजूने, कमरेच्या उंचीवर फोन ठेवून काढ आणि मला पाठव. त्यात बार आणि पाठ दोन्ही दिसली पाहिजेत.

तुझी,
मेधा