अंधाऱ्या गोष्टींना कुलूप नको, क्रम हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आटोपला की दिवाळीच्या सुटीसाठी बालविभागात जादू, राक्षस, शापित किल्ल्यांच्या जाडजूड मालिकांची मागणी वाढते. त्यावर खान्देशातल्या बऱ्याच वाचनालयांत दोनच तऱ्हा दिसतात. एक तर ‘पोरे घाबरतील’ म्हणून कपाटाला कुलूप, नाही तर जो भाग हाती लागेल तो द्यायचा.

घाबरण्याचे म्हणाल, तर धडगावकडच्या अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीतच यात्रा भरते. कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत सातपुड्यात भटकणारा अश्वत्थामा इथल्या पोरांनी आजीकडून ऐकलेला असतो. मात्र कुठे थांबायचे ते आजीला कळते. पुस्तक आपण होऊन थांबत नाही, ते काम देणाऱ्याचे.

‘हॅरी पॉटर’चेच घ्या. सात भाग 1997 ते 2007 या काळात आले. नायक पहिल्या भागात 11 वर्षांचा होतो, शेवटच्यात 17 वर्षांचा. पहिले वाचक त्याच्यासोबत मोठे झाले आणि अंधारही त्यांच्या वयाच्या बेताने दाटत गेला. आता नऊ वर्षांचे मूल सातही भाग एका सुटीत उपसू पाहते आणि चौथ्याच्या शेवटी थेट कब्रस्तानात, एका मुलाच्या मरणापाशी येऊन पोहोचते. म्हणून नऊ-दहाच्या वयाला पहिले तीन भाग पुरेत, चौथा अकरा-बाराच्या पुढे. जाडीही बघा: मूळ इंग्रजी पहिला भाग सव्वादोनशे पानांच्या आत, पाचवा साडेसातशेच्या वर. पोरे तिथे अडखळतात ती भीतीने नव्हे, पानांनी.

भागांवरचे आकडेही डोळे झाकून मानू नका. ‘नार्निया’ या इंग्रजी जादूमालिकेचे सात भाग 1950 ते 1956 दरम्यान निघाले. त्यांतला सहावा निघालेला भाग नव्या संचांत पहिला छापतात, कारण त्यातला काळ सर्वांत आधीचा. पण कपाटातून दुसऱ्या जगात वाट कशी आणि तिथल्या बर्फात दिव्याचा खांब कसा, हे कोडे त्या भागात उलगडते. तो आधी वाचला की कोड्यातली मजा गेली. प्रकाशनाच्या क्रमाने आपणच पाठीवर आकडे घाला.

एका वेळी एकच भाग द्यावा, तो परत आला की पुढचा. दोन भागांत महिना गेला तर मुले नावे विसरतात आणि मालिका सुटते. यावर औषध साधे: कव्हरच्या आत पात्रांच्या नावांची चिठ्ठी चिकटवा. परकी नावे उच्चाराप्रमाणे लिहा, पुढे कोण फितूर होतो ते लिहू नका. (हे आवर्जून सांगावे लागते!) पहिला भाग सर्वांना लागतो, त्याच्या दोन-तीन प्रती ठेवा. शेवटच्याची एक पुरते.

मोठ्याने वाचायचे असेल तर 20 मिनिटांत आठ-दहा पाने होतात. या मालिकांची प्रकरणे मुद्दाम ऐन कड्यावर तोडलेली असतात. रात्री तिथे थांबलात तर झोप उडते. त्यामुळे पुढच्या प्रकरणाची दोन पाने वाचून, पात्रे जरा सुरक्षित जागी आली की पुस्तक मिटा. मग ‘मंग काय व्हयनं?’ हे पोरांनाच अहिराणीत सांगू द्या. नुसता राक्षस असेल तर ती हसत सांगतात. आई-बाप हरवलेले प्रकरण असले की गप्प होतात, आणि खरी भीती तिथेच असते. ते पान दिवसा वाचावे.

आता बांधणी. पाठीला नुसता गोंद लावलेली जाड पुस्तके आपल्याकडच्या 44-45 अंशांत, त्यातून पत्र्याच्या छताखाली, फार टिकत नाहीत. गोंद कडक होऊन पाठ तडकते, पाने सुटतात आणि नेमकी मधली वीस पाने गळालेला तिसरा भाग उरतो. तेवढ्यासाठी सगळा संच पडून राहतो. देवघेवीत टाकण्यापूर्वीच शिवून, कापडी पाठ लावून घ्या. काठावरून टोचून शिवताना आतला समास अर्धा इंच तरी हवा, नाही तर ओळी शिवणीत जातात. पाचशेच्या वर पाने असतील तर बाइंडरला दोन खंड करायला सांगा, आणि पहिला खंड प्रकरणाच्या शेवटालाच तोडायला लावा.

आपले,
बालविभाग सांभाळणारे काही ग्रंथालय कार्यकर्ते, जळगाव