ढगाळ रात्री थंडी का पडत नाही?

चि. सोनूस आईचे अनेक आशीर्वाद.

पृथ्वी का तापतेय? तर ओझोनच्या थराला भोक पडलं, त्यातून जास्त ऊन आत आलं आणि पृथ्वी तापली, हे उत्तर चूक कसं, असं तू परवा विचारलंस. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

ओझोन बाजूला ठेव. तो सूर्याचे अतिनील किरण अडवतो. अंटार्क्टिकावर त्याचा थर विरळ झाला होता. 1987 च्या माँट्रियल करारानंतर जगाने तो खाणारे वायू हळूहळू बंद केले आणि आता तो सावरतोय. त्या वायूंमुळे उष्णताही अडते, एवढाच काय तो संबंध. तापमानवाढीत खरा प्रश्न येणाऱ्या उन्हाचा नाही, परत जाणाऱ्या उष्णतेचा आहे.

आणि हे निफाडच्या पोरीला कोणी शिकवायची गरज नाही! जानेवारीत आभाळ निरभ्र असलं, हवा कोरडी असली की पहाटे पारा कसा उतरतो? द्राक्षमण्यांना तडे जातील म्हणून पप्पा रात्रभर बागेत शेकोट्या करतात, पहाटे ड्रीपने पाणी सोडतात. आणि आभाळ आलं की आजोबा म्हणतात, "आज थंडी नाही पडायची." (मग डावणी रोगाची काळजी सुरू, पण ते वेगळं दुखणं.) तापलेली जमीन रात्रभर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून उष्णता वर सोडत असते. ढग आणि हवेतली वाफ ती शोषतात आणि त्यातली काही पुन्हा खाली धाडतात. ढग नसले की बरीचशी सरळ वर निघून जाते.

ढग येतात-जातात. कार्बन डायऑक्साइड मात्र उघड्या आभाळातही असतो, रात्रंदिवस. हवेत नायट्रोजन 78 टक्के आणि ऑक्सिजन 21 टक्के, पण या दोघांना ही उष्णता अडवता येत नाही. कार्बन डायऑक्साइड दहा हजार रेणूंत जेमतेम चार, तरी तो अडवतो. असे वायू मुळीच नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान 15 ऐवजी उणे 18 अंश असतं. चंद्र सूर्यापासून आपल्याइतकाच लांब आहे, पण त्याला हवा नाही. तिथे दुपारी पाणी उकळेल इतकं तापतं आणि रात्री उणे शंभराच्याही खाली जातं. तेव्हा उष्णता अशी अडण्याला म्हणतात तो हरितगृह परिणाम वाईट, असं लिहू नकोस. तो आहे म्हणून आपण आहोत. वाईट आहे ते त्याचं वाढणं.

हे पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आलं त्यांत एक बाई होती, युनिस फूट. अमेरिकेत 1856 साली तिने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून, थर्मामीटर घालून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचं सर्वांत जास्त तापलं आणि सावलीत नेल्यावर निवायलाही जास्त वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी अधिक गरम असेल, हे तिने तेव्हाच लिहून ठेवलं. पुस्तकांत तिचं नाव क्वचितच सापडतं, याचा मला राग येतो.

कारखानदारीच्या आधी हा वायू दहा लाख रेणूंत 280 होता. 1958 मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा 315 च्या आसपास आणि आता 420 च्या वर. तू विचारशील, मग आपल्या शेकोटीचं काय? छाटणीच्या काड्यांतला कार्बन वेलीने गेल्या एक-दोन वर्षांत हवेतूनच घेतलेला असतो, तो परत जातो. पण एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जळतो तो कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी गाडला गेलेला. तो हिशेबाबाहेरचा. आपली पाण्याची मोटार चालते त्या विजेत त्याचाही वाटा आहेच.

सूर्यच जास्त तळपत असेल, असं वर्गात कोणी म्हणालं तर एक सांग. तसं असतं तर हवेचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीजवळची हवा तापतेय आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतोय, कारण वाढलेला कार्बन डायऑक्साइड खाली उष्णता अडवतो आणि तिथे वर मात्र ती अवकाशात सोडतो. मला हा पुरावा सगळ्यांत पक्का वाटतो.

मात्र दर अवकाळीचं खापर हवामानबदलावर फोडू नकोस. गारा आपल्या आजोबांच्या लहानपणीही पडत. एवढं नक्की की हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते, त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा जोरात कोसळतो. आणि एखाद्या वर्षी निफाडला कडाक्याची थंडी पडली म्हणून तापमानवाढ खोटी ठरत नाही. ती सगळ्या जगाच्या अनेक वर्षांच्या सरासरीवरून ठरते.

रेक्टर मॅडमना विचारून होस्टेलच्या गच्चीवर थर्मामीटर टांग. रोज रात्री झोपताना आणि पहाटे उठल्यावर आकडा लिही, शेजारी आभाळ उघडं की झाकलेलं तेही लिही. वारा असेल तर त्याचीही नोंद कर, नाहीतर हिशेब चुकेल. दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन ये, पप्पांनाही बघायचीय. लाडू पार्सलने पाठवलेत, सगळ्यांना वाट.

तुझी,
आई