युरोपचा रेल्वे पास घेण्याआधी आरक्षणाचा खर्च धरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सॅक पाठीवर टाकून युरोपला निघालेल्या मुलांना सहसा दोनच सल्ले मिळतात. ‘युरेल पास काढ आणि वाटेल त्या गाडीत बस’, नाहीतर ‘वीस युरोत विमान मिळतं, रेल्वे कशाला?’ दोन्ही अर्धवट आहेत. त्यापायी मुलांचे जमवलेले पैसे वाया जातात, म्हणून हे पत्र.

आधी पास, म्हणजे एकाच तिकिटावर अनेक देशांच्या रेल्वेगाड्यांत फिरू देणारी सोय. भारतात राहणाऱ्यांसाठी युरेल; जर्मनी, नेदरलँड्समध्ये शिकणाऱ्या आणि तिथला रहिवास परवाना असलेल्या आपल्या मुलांनी तसाच, पण युरोपातल्या रहिवाशांसाठीचा इंटररेल घ्यायचा. महिन्याभरात कोणतेही सात दिवस प्रवास करू देणारा दुसऱ्या वर्गाचा पास साधारण 380 युरोंना पडतो, म्हणजे प्रवासाच्या दिवसाला 54-55 युरो. 27 वर्षांपर्यंतच्यांना तो सुमारे पाव हिश्श्याने स्वस्त. हा आकडा हाताशी ठेवून प्रत्येक टप्पा तपासावा. म्युनिक ते साल्झबर्ग हा पावणेदोन तासांचा प्रवास बायर्न तिकिटावर, म्हणजे जर्मनीच्या बव्हेरिया राज्याच्या एका दिवसाच्या तिकिटावर, बऱ्याच कमी पैशांत होतो (सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर, फक्त प्रादेशिक गाड्यांनी). त्यासाठी पासाचा दिवस घालवू नये. उलट हॅम्बुर्ग-म्युनिकचं आयत्या वेळचं तिकीट शंभर युरोंच्या पुढे जातं. तिथे पासाच्या एका दिवसाचे पैसे सहज वसूल होतात.

खरी मेख आरक्षणात आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम, नेदरलँड्स इथल्या बहुतेक गाड्यांत पासधारक आरक्षणाशिवाय बसू शकतो, आणि पासाचं ‘मनात येईल तेव्हा निघा’ हे सुख या पट्ट्यातच मिळतं. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला मात्र पास असूनही आरक्षणाचे 10 ते 20 युरो वेगळे मोजावे लागतात, इटलीच्या तशाच फ्रेच्चारोस्साला दहा-तेरा, लंडन-पॅरिस धावणाऱ्या युरोस्टारला तीसच्या आसपास किंवा त्याहून जास्त. शिवाय टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासधारकांसाठी जागांचा कोटा ठरलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो आधीच संपतो. गाडीत जागा रिकाम्या दिसतात, तरी पासवाल्याला मिळत नाहीत. फ्रान्स-इटली-स्पेन एवढाच बेत असेल आणि तारखा पक्क्या असतील, तर दोन-तीन महिने आधी प्रत्येक टप्प्याचं वेगळं तिकीट काढणंच बहुधा स्वस्त पडतं. रात्रीच्या गाडीत बर्थचे पैसे वेगळे. मात्र मध्यरात्रीनंतर गाडी बदलायची नसेल, तर पासाचा एकच दिवस, सुटण्याचा, खर्ची पडतो.

पास आता मोबाइलमध्ये असतो. गाडीत चढण्याआधी ती गाडी अ‍ॅपमधल्या पासात घालावी लागते. ‘तपासनीस आला की घालू’ म्हणून बसलेल्यांना दंड होतो. फोनची बॅटरी संपली तर दाखवायला तिकीटच उरत नाही.

आता विमान. रायनएअर, विझ एअर या स्वस्त विमान कंपन्यांच्या मूळ भाड्यात फक्त सीटखाली मावणारी 40×30×20 सें.मी.ची पिशवी येते. आपली पन्नास लिटरची सॅक साठ सें.मी.हून उंच असते. तिचे पैसे तिकिटासोबतच भरावेत. गेटवर तेच कितीतरी पट होतात. विमानतळाच्या नावावरही जाऊ नये. ‘पॅरिस बोव्हे’ पॅरिसपासून ऐंशीएक किलोमीटरवर आहे आणि ‘मिलान बेर्गामो’ मिलानपासून पन्नासएक. बोव्हेपर्यंत सव्वा तास बस, दोन तास आधी हजेरी, दोन तास उड्डाण, उतरून पुन्हा शहर गाठणं, असे सहा तास सहज जातात. पॅरिस-बार्सिलोना थेट गाडी पावणेसात तासांत शहराच्या मध्यातून मध्यात नेते, सॅकचं वजन न करता. रेल्वेने सहा-सात तासांपर्यंत लागत असतील तर रेल्वेच घ्यावी. लिस्बन-बर्लिन किंवा पॅरिस-अथेन्ससारख्या टप्प्याला मात्र निःशंकपणे विमान.

रेल्वे आणि विमानाची दोन वेगळी तिकिटं जोडून केलेल्या प्रवासात पहिली गाडी उशिरा आली आणि पुढचं विमान चुकलं, तर विमान कंपनी जबाबदार नसते. विमानाच्या आदल्या रात्री त्या शहरात मुक्काम ठेवावा.

व्हिसा हातात येईपर्यंत पास चालू करू नये. चालू न केलेला पास काही रक्कम कापून परत करता येतो. सवलतीत घेतलेल्या पासाला ही सोय नसते. पासाच्या 33 देशांत ब्रिटनही आहे, म्हणून मुलं लंडनचा टप्पा सहज आखतात. पण शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा व्हिसा, तिथे चालत नाही, ब्रिटनचा वेगळा लागतो. शिवाय शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर लंडनहून पॅरिसला परतताच येत नाही. अर्ज भरतानाच एकाहून अधिक प्रवेश मागावेत.

आपला,
एक वाचक, पुणे