खोका शाबूत, लेन्स मोडलेली : भरपाई कोणाकडे मागायची?

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये नव्या माउंटचे, म्हणजे लेन्स जोडण्याच्या कड्याचे, मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे बाजारात आणले. तेव्हापासून मोठ्या शहरांतील छायाचित्रकार आपल्या डीएसएलआर या आरशाच्या कॅमेऱ्यांच्या जुन्या लेन्स विकायला काढू लागले आणि तालुक्याच्या गावी लग्नकार्याची कामे घेणाऱ्या मुलांना एरवी कधी परवडल्या नसत्या अशा लेन्स आवाक्यात आल्या. पूर्वी अशा खरेदीसाठी मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जावे लागे. तेथे लेन्स हातात घेऊन, कॅमेऱ्याला लावून, चार छायाचित्रे काढून मगच पैसे मोजले जात. आता मोबाइलवर फोटो पाहायचे, यूपीआयने पैसे पाठवायचे आणि कुरिअरची वाट पाहायची, असा व्यवहार झाला आहे. मी सांगलीत फोटो स्टुडिओ चालवतो आणि जोडीला लेन्सची सफाई व किरकोळ दुरुस्ती करतो. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, त्यामुळे दिवाळीच्या आधीपासूनच अशा वाटेत दुखावलेल्या लेन्स माझ्या टेबलावर येऊ लागतात. त्यांच्या भरपाईचा प्रश्न आपल्या वाचकांपुढे मांडावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अलीकडेच एका तरुणाने ७०-२०० मिलिमीटरची एक लेन्स आणली. खोक्याला ओरखडाही नव्हता, चिकटपट्टी जशीच्या तशी होती. आत मात्र ती लेन्स कॅमेऱ्याच्या बॉडीला जोडलेल्या अवस्थेतच पाठवलेली होती आणि भोवती चुरगळलेल्या वर्तमानपत्रांखेरीज काहीही नव्हते. असा कागद पहिल्या धक्क्याला दबतो आणि पुन्हा फुगत नाही, त्यामुळे पुढचे सगळे धक्के थेट आतल्या वस्तूला बसतात. दीड किलोच्या आसपास वजनाच्या लेन्सचा सगळा भार चार स्क्रूंनी धरलेल्या माउंटवर आला, माउंट किंचित वाकले आणि आतील काचांचा एक गट मध्यापासून सरकला. काच कुठेही तडकली नव्हती. भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवून, कॅमेरा ट्रायपॉडवर लावून, अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) पूर्ण उघडे ठेवून फोटो काढला तेव्हा डावीकडची अक्षरे स्वच्छ आली आणि उजवीकडची पुसल्यासारखी दिसली. कुरिअरच्या कार्यालयाने या तरुणाला उत्तर दिले की, पार्सल बाहेरून चांगल्या स्थितीत पोहोचले असून तशी त्याची सहीही आहे. विक्रेत्याने सांगितले की, मी दिली तेव्हा लेन्स चांगली होती. ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती त्याने कळवले की, आम्ही केवळ दोघांची गाठ घालून देतो.

या तिघांच्या उत्तरांमुळे बहुतेक जण गप्प बसतात. वास्तविक कायदा इतका मुका नाही. १९३० च्या माल विक्री अधिनियमातील कलम ३९ असे सांगते की, खरेदीदाराने वेगळी मुभा दिली नसेल तर विक्रेत्याने मालाचे स्वरूप ध्यानात घेऊन वाहतूकदाराशी वाजवी करार केला पाहिजे. त्याने तसे केले नाही आणि माल वाटेत खराब झाला, तर वाहतूकदाराच्या हाती माल देणे म्हणजे आपल्याला देणे, असे मानण्यास खरेदीदार नकार देऊ शकतो किंवा विक्रेत्याकडून भरपाई मागू शकतो. साठ हजारांची लेन्स पाचशे रुपये किंमत लिहून, विम्याशिवाय पाठवणे हा वाजवी करार कसा ठरतो, हा प्रश्न प्रत्येक खरेदीदाराने विचारायला हवा. ही तरतूद खासगी विक्रेत्यालाही लागू आहे. २०२० चे ई-कॉमर्स नियम मात्र वैयक्तिक स्वरूपात, धंदा म्हणून नव्हे, अशी वस्तू विकणाऱ्याला लागू होत नाहीत. जुन्या कॅमेऱ्यांचा नियमित व्यापार करून संकेतस्थळावर विकणारा दुकानदार मात्र त्यांतून सुटत नाही. जाहिरातीत वर्णन केल्याप्रमाणे माल नसेल तर तो परत घेण्यास अशा विक्रेत्याला नकार देता येत नाही.

कुरिअरची बाब अधिक अवघड आहे, कारण तेथे सारे पावतीवर ठरते. १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनीने डीएचएल या कुरिअर कंपनीविरुद्ध लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पावतीवर छापलेली भरपाईची शंभर डॉलरची मर्यादा ग्राह्य धरली. सही करणारा त्या अटीने बांधला जातो, असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या पावत्यांच्या मागे अशीच मर्यादा भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा इंग्रजी अक्षरांत छापलेली असते आणि पावती बहुधा काउंटरवरचा मुलगाच भरतो. किंमत खरी लिहिली तर बिल आणि जीएसटी विचारतील, या धास्तीने पाठवणाराही आकडा कमी सांगतो. त्याची ही काटकसर भोवते ती खरेदीदाराला, ज्याने ती पावती पाहिलेलीही नसते. पार्सल आपण बुक केलेले नाही म्हणून आपल्याला तक्रारीचा हक्क नाही, असा अनेकांचा समज आहे, तोही बरोबर नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात सेवा घेणाऱ्याच्या संमतीने तिचा लाभ घेणारी व्यक्तीही ग्राहक मानली आहे. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक मानला जात नाही, पण स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतूची’ ठरत नाही, त्यामुळे छोट्या स्टुडिओवाल्याने हा बाऊ करण्याचे कारण नाही. तक्रार तो आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगात दोन वर्षांच्या आत दाखल करू शकतो. दिल्लीच्या विक्रेत्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करणे फुकट आहे. टपालाने पाठवलेल्या पार्सलची गोष्ट वेगळी आहे, कारण २०२३ च्या टपाल कार्यालय अधिनियमानुसार टपाल खात्याची जबाबदारी नियमांत जेवढी ठरवून दिली असेल तेवढीच. म्हणून तेथे विम्याचे पार्सलच करावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक लेन्सचे दुखणे वाटेतले नसते. आतल्या काचेवरची बुरशी चार दिवसांच्या प्रवासात येत नाही. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात बॅगेत महिनोन् महिने बंद पडलेल्या लेन्सवर ती वाढते, आणि ‘कुरिअरमध्ये ओल लागली असेल’ असे सांगणारा विक्रेता खोटे बोलत असतो. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर आलेले तेलही जुनेच असते. याउलट हादरारोधक यंत्रणा असलेली लेन्स हलवली की आत खडखडते, कारण यंत्रणा बंद असताना तिच्यातील काचा काही बनावटींमध्ये मोकळ्या असतात. एवढ्यावरून प्रामाणिक विक्रेत्याला फसवणूक करणारा ठरवणारे खरेदीदार मी पाहिले आहेत. म्हणून दोघांच्याही भल्यासाठी विक्रेत्याने पॅकिंगपूर्वी लेन्सच्या क्रमांकासह, टॉर्चचा प्रकाश आरपार सोडून एक सलग व्हिडिओ काढावा, आणि खरेदीदाराने खोका उघडतानाही तसाच काढावा. लेन्स बॉडीपासून वेगळी करून, दोन्ही टोप्या लावून, झूम सर्वांत आखूड करून, खोक्यात खोका ठेवून मध्ये दोन इंच जाडीचा फोम भरला तर खर्च शंभर-दोनशे रुपयांपलीकडे जात नाही.

हे झाले नागरिकांचे काम. पण व्यवस्थेकडून दोन गोष्टी अपेक्षित आहेत आणि त्या अवास्तव नाहीत. पार्सल बुक करताना वस्तूची किंमत व विमा हवा की नको, हे तोंडी विचारून पावतीच्या दर्शनी भागावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लिहिणे कुरिअर कंपन्यांना बंधनकारक करावे, आणि विम्याशिवाय किती भरपाई मिळेल तो आकडाही तेथेच छापावा. दुसरे म्हणजे, पार्सल घेताना मोबाइलच्या पडद्यावर बोटाने जी सही घेतली जाते तिच्या शेजारी ‘उघडून पाहिलेले नाही’ असा शेरा नोंदवण्याची सोय असावी. सध्या त्या सहीचा अर्थ ‘माल मिळाला’ एवढाच न राहता ‘माल चांगला मिळाला’ असा लावला जातो, आणि दारात उभ्या असलेल्या मुलाला पुढची चाळीस पार्सले वाटायची असल्याने तो थांबतही नाही. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही.

राज्य शासनाच्या अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाने हा विषय केंद्राकडे मांडावा आणि तोवर ग्राहक पंचायतीने राज्यातील कुरिअर कंपन्यांकडून त्यांच्या पावतीवरील अटींचे मराठी भाषांतर मागवून ते प्रसिद्ध करावे, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक छायाचित्रकार वाचक,
सांगली