पाणी घोट्याला लागलं की

ती. आई व आबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी इकडं खुशाल आहे. पाकीट बघून आधी घाबरू नका. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण परवा फोनवर आबांना "पाण्यातला सराव" एवढंच ऐकू गेलं आणि बाकीचं त्यांनी स्वतःच्या मनानं भरून घेतलं. मग आई रडली, आबा रागानं गोठ्यात निघून गेले, आणि माझी दहा मिनिटं तिथंच संपली. आता मोबाईल जमा झालेत. तेव्हा आई, मोतीबिंदूनंतरचा नवा चष्मा लाव आणि हे आबांना मोठ्यानं वाचून दाखव. जागेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर संध्याकाळच्या धारा निघायच्या आत गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सगळ्यांना कळलेलं असेल.

तुमच्या डोक्यात काय बसलंय ते मला ठाऊक आहे. 2024 च्या जूनअखेरीस लडाखमध्ये श्योक नदी ओलांडताना रात्री पाणी वाढलं आणि टँकमधले आपले पाच जवान गेले. ती बातमी आली तेव्हापासून आबा, तुम्ही "नदी" म्हटलं की गप्प होता. तो टी-72 होता. चाळीस टनांच्या वरचं धूड. ते तरंगत नाही, नदीच्या तळावरून चालत पलीकडं जातं. माझी गाडी वेगळी आहे. बीएमपी-2, जवानांना आत बसवून नेणारी चिलखती गाडी, आपल्याकडचं नाव सारथ, तेलंगणात मेडकला तयार होते. वजन 14 टनांच्या आसपास आणि पोट पोकळ. आई, तू विचारत होतीस ना, लोखंड तरंगतंच कसं? रिकामी घागर नदीत सोडली की डुलत जाते, आणि काठावरून पाणी आत शिरलं की गटकन तळाला. तसंच हे. आत पाणी येऊ द्यायचं नाही, एवढंच काम. पण त्या एवढंच साठी आम्ही दोन दोन दिवस गाडीखाली लोळत असतो.

आबांना घागरीपेक्षा म्हैस लवकर कळेल. आपली चांदणी घाटावर पाण्यात शिरली की काय दिसतं? शिंगं, डोळे, नाकपुड्या. बाकी सगळी पाण्याखाली. आमच्या गाडीचंही छत आणि वरचा तोफेचा टरेट तेवढा दिसतो. म्हैस जमिनीवर चालते तेच पाय पाण्यात मारते, तिला वेगळं वल्हं नसतं. बीएमपीलाही पंखा नाही. रस्त्यावर जे पट्टे फिरतात तेच पाण्यात फिरतात आणि पाणी मागं ढकलतात. रस्त्यावर ताशी 65 किलोमीटर पळणारी गाडी पाण्यात ताशी 7 वर येते. 300 हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि चाल झपाझप चालणाऱ्या माणसाची! पाडव्याला तुमच्या मोटरसायकलमागं म्हशी पळायच्या त्यासुद्धा हिला मागं टाकतील.

मला पोहायला कसं शिकवलंत ते आठवतं का? आधी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून ढकललंत, आणि आठवड्याभरानं डबा काढून म्हशीचं शेपूट हातात दिलंत. नगरला ट्रेनिंगला असताना आमच्या उस्तादांनी 1971 च्या पीटी-76 रणगाड्याची गोष्ट सांगितली तेव्हा मला तो डबाच आठवला. तो टँक पाण्यावर तरंगायचा, म्हणून जवानांनी त्याचं नाव पिप्पा पाडलं होतं. पिप्पा म्हणजे पंजाबीत तुपाचा रिकामा डबा. युद्ध जाहीर व्हायच्याही आधी, नोव्हेंबरात, गरीबपूरला धुक्यात हे 14 पिप्पे पाकिस्तानच्या चाफी रणगाड्यांना भिडले आणि जिंकले. पत्रा पातळ, पण हिंमत जाड, असं उस्ताद म्हणायचे. ते असं पुष्कळ काही म्हणायचे, आणि वर दंडही काढायला लावायचे.

आता सराव कसा असतो ते सांगतो. आधी तळाचे ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायच्या भोकांची बुचं, एकेक हातानं चाचपायचे. डोळ्यानं बघून चालत नाही. मग मागची दोन दारं. गाडीत सात जवान असतात, त्यातले मागं बसणारे तिथूनच आत-बाहेर करतात. त्या दारांना कडेनं रबर असतं, ते पुसून, दाबून, पुन्हा पुसून घ्यायचं. आत आलेलं पाणी बाहेर फेकणारे बिल्ज पंप चालवून बघायचे. पुढचं फळकूट उभं करायचं, त्याला आम्ही ट्रिम वेन म्हणतो. ते नसलं तर नाक पाण्यात घालताक्षणी लाट टपावर चढते. पण ते उभं राहिलं की माझ्यासमोर भिंतच. ड्रायव्हर पुढं डावीकडं बसतो. त्याला मग उंच पेरिस्कोप, म्हणजे वरचं बघायची आरशांची नळी, लावतात, आणि त्यातून जे चतकोर दिसतं तेवढंच माझं जग. उरलेलं कमांडर कानात सांगतो.

दोर आधीच हुकला अडकवून वर ठेवलेला असतो, लाईफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात, बाजूला बचावाची बोट आणि पोहणारे. आणि सगळ्यात आधी कुणीतरी काठावर उभं राहून पाण्याची ओढ मोजतं. गाडी मुळातच ताशी 7 नं जाणार. नदी तिच्या जवळपास वेगानं वाहत असेल तर समोरच्या काठाला लागायचं सोडून आम्ही खालच्या गावाला लागू. ओढ जास्त निघाली की सराव बंद, साहेब कितीही मोठा आलेला असो. पावसाळ्यात पंचगंगा तांबडी झाली की तुम्ही नाही का म्हशींना घाटाच्या पायऱ्याही उतरू देत नाही.

पाण्यात उतरायचा क्षण मात्र अजून पोटात गोळा आणतो. पट्ट्याखालची जमीन सुटते. इतका वेळ खडखडाट करणारी गाडी एकदम हलकी होते, पाळण्यासारखी. स्टिअरिंग फिरवलं तरी लगेच काही होत नाही, तीन-चार श्वास गेल्यावर नाक हळूच वळतं. नवीन पोरगं इथंच घाबरून आणखी फिरवतं आणि गाडी गिरकी घेते. मी मनात "चांगभलं" म्हणतो आणि हात सैल सोडतो.

आता एक गोष्ट. ही मी तुम्हाला फोनवर सांगितली नव्हती, आणि आई, पुढं वाचण्याआधी लक्षात घे की ही गेल्या वर्षीची आहे आणि मी हे पत्र धडधाकट बसून लिहितोय.

सरावाच्या तळ्यात निम्मं अंतर गेलो असू. मागून एका नव्या पोराचा आवाज आला, "उस्ताद, पानी आ गया." मला वाटलं पेरिस्कोपवरून थेंब गळत असतील, तर दुसरा म्हणाला, बूट भिजले. मागच्या दाराच्या रबरात वाळक्या गवताची काडी अडकली होती. बोटाएवढी. दार मी स्वतः पुसलं होतं, पण पुसल्यानंतर कुणीतरी ते एकदा उघडलं आणि मी दुसऱ्यांदा बघितलं नाही. चूक माझी. कमांडरनं एका दमात सांगितलं, वरची झाकणं उघडा, सगळे छतावर. अजून पंप चालत होता, गाडी तरंगत होती, पाणी घोट्याच्या वर गेलं नव्हतं. मला तर वाटलं, एवढ्यासाठी कशाला, काठ दिसतोय, जाऊ तसेच. पण सातही जण बाहेर आले, बोट बाजूला लागली, आणि मग मी गाडी काठाला आणली. रात्री मला शिक्षा झाली ती झाली, पण ती काडी मी माझ्या पैशांच्या पाकिटात ठेवली आहे.

घोट्याचा हा नियम उगाच नाही. 30 जुलै 2020 ला अमेरिकेच्या मरीन सैनिकांची अशीच एक पाण्यात चालणारी गाडी कॅलिफोर्नियाच्या समुद्रात सरावात बुडाली. आत 16 जण होते, 9 गेले. चौकशीत गाडीची दुरुस्ती नीट नसल्याचं निघालं, ट्रेनिंग अर्धवट असल्याचं निघालं. पण मला जे लागलं ते वेगळंच. पाणी घोट्याला लागताच बाहेर पडायला हवं होतं, पण तसा हुकूम वेळेत सुटला नाही आणि ते आतच थांबले. शिकलेली, तगडी पोरं होती ती.

आबा, आता तुमच्याकडं येतो. पत्र खरं तर याच्यासाठीच आहे.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर पाणी गेलं. धोक्याची पातळी 43. शुक्रवार पेठेत आपल्या दारात पाणी आलं तेव्हा ताईनं तुम्हाला चार वेळा फोन केला. तुम्ही काय म्हणालात? "घोट्याएवढंच आहे, उतरंल." मग गुडघ्याला लागलं, मग कमरेला. दावी सोडायलाही उशीर झाला, आणि शेवटी तुम्ही अंधारात म्हशींना पोहवत वरच्या रस्त्याला काढलंत. आई शेजारच्यांच्या गच्चीवर दोन रात्री. मी इकडं टीव्हीवर शिरोलीजवळ बंद पडलेला हायवे बघत होतो आणि काही करू शकत नव्हतो. 2021 ला पाणी 56 च्याही वर गेलं, तरी तुम्ही पुन्हा शेवटच्या घटकेलाच हललात. तेव्हा तुमच्या अंगात रग होती. आता गुडघा दुखतोय, कानाला कमी येतंय. रात्री भोंगा वाजला तरी तुम्हाला ऐकू येणार नाही.

माझ्या नावानं तुम्ही घाबरता, ते मला कळतं. पण मला पाण्यात घालताना ओढ मोजणारा असतो, बोट असते, "बाहेर पड" म्हणून ओरडणारा कमांडर असतो. तुमच्याकडं काय आहे? आई ओरडते, तर तिचं तुम्ही ऐकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. इशारा पातळी 39. तो आकडा आला की त्याच दिवशी म्हशी ताईकडं पाचगावला. भाऊजींशी मी बोललोय, मागच्या पडवीत चार जनावरं बसतात. वैरणीचे पैसे मी पाठवतो, त्यावरून भांडू नका. 43 व्हायच्या आत तुम्ही दोघंही तिकडं. लाईट गेली, आकडा कळला नाही, तर गोठ्याच्या पहिल्या दगडी पायरीवर घोट्याएवढ्या उंचीला तांबड्या ऑइलपेंटची रेघ मारून ठेवा. माळ्यावर उरलेला डबा आहे, उजवीकडं, जुन्या घंटांच्या पोत्यामागं. रेघ भिजली की कुलूप लावायचं. उतरंल का चढंल ते बघत बसायचं नाही.

काकीनाड्याच्या किनाऱ्यावरचा तो व्हिडिओ आबांनी मला दोनदा पाठवला, जहाजाच्या पोटातून गाड्या समुद्रात उतरतात तो. आपल्या नौदलाच्या अशाच एका जहाजाचं नाव जलाश्व आहे, अमेरिकेकडून घेतलेलं, 2007 पासून आपल्याकडं आहे. आबांना आवडेल म्हणून सांगतो. घोड्याचं नाव देण्यापेक्षा म्हशीचं दिलं असतं तर जास्त शोभलं असतं, असं तुम्ही म्हणणार हे मी इथं बसूनच ऐकतोय.

कांदा-लसूण चटणी संपत आली आहे. पाठवाल तेव्हा डब्याला झाकणाखाली प्लास्टिक लाव आई, मागच्या वेळी तेल सगळ्या कपड्यांना लागलं आणि आख्खी बराक आठवडाभर कोल्हापूरसारखी वासायची. कुणाची तक्रार नव्हती, ते सोड.

पायरीवर रेघ मारली की ताईला फोटो काढून पाठवायला सांगा. मोबाईल मिळाला की पहिला तोच बघणार. माझ्या गाडीच्या दाराचा फोटो मला पाठवता येत नाही, तिथं तुम्हाला माझ्या शब्दावरच भागवावं लागेल. मी आता रबर तीनदा पुसतो, आणि पुसल्यावर दार कुणाला उघडू देत नाही.

चांदणीच्या रेडकाचं नाव अजून ठेवलं नसेल तर थांबा, मी सुट्टीला येतोय.

तुमचा,
बाळू